लाईट गेली की सासूबाईंची गादी कशावर चालवायची?

प्रश्न : नमस्कार. आम्ही दापोली तालुक्यात, समुद्राच्या अंगाच्या गावात राहतो. घरात मी, आमचे हे आणि ८६ वर्षांच्या सासूबाई. दीड वर्षापासून त्या अंथरुणावर आहेत. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून डॉक्टरांनी हवेची गादी घ्यायला लावली, तिचा पंप चोवीस तास चालू लागतो. दमा आहे, त्यामुळे दिवसातून दोनदा नेब्युलायझर. इन्सुलिन फ्रीजमध्ये. पावसाळ्यात लाईट गेली की कधी दोन तासांत येते, कधी दोन दिवसांनी. निसर्ग वादळानंतर इन्व्हर्टर घेतला होता, पण त्याची बॅटरी आता अर्धा तासही धरत नाही. मुलगा न्यू जर्सीला असतो. तो म्हणतो, “आई, तो इन्व्हर्टर टाकून दे. मी मे महिन्यात येताना सोलर पॉवर स्टेशन घेऊन येतो. बॅगेएवढा डबा असतो, सोबत घडीचं पॅनेल. उन्हात ठेवलं की फुकट चार्ज, फ्रीज, पंखा, विहिरीवरचा पंप, सगळं चालेल.” हे म्हणतात, “नवी बॅटरी घाला, खेळणी नकोत.” फोनवर दोघांचं वाजलंसुद्धा. खरं कुणाचं?
– एक वाचक, जि. रत्नागिरी

उत्तर : ताई, खरं अर्धं तुमच्या यजमानांचं, पाव मुलाचं. उरलेलं पाव दोघांच्याही तोंडून आलेलं नाही, आणि ते सासूबाईंच्या उशाशी आहे. त्याकडे येतोच.

आधी मुलाला आजच्या आज फोन करा आणि सांगा की तिकडून काही आणू नकोस. विमानात प्रवाशाला १६० वॅट-तासांपेक्षा मोठी लिथियम बॅटरी नेता येत नाही, ना हातातल्या बॅगेत ना सामानात. तो म्हणतोय तो डबा किमान ५०० ते १००० वॅट-तासांचा असणार. विमानतळावरच काढून घेतील. आणि समजा कसाबसा बोटीने पाठवला, तरी अमेरिकेतला डबा १२० व्होल्ट देतो. तुमचा पंखा, फ्रीज, गादीचा पंप, सगळं २३० व्होल्टवर चालणारं. म्हणजे डबा भरलेला आणि पंखा जागच्या जागी. पैसे त्याने द्यावेत, हौसही त्याचीच असू दे, पण वस्तू इथली, बिल तुमच्या नावावर आणि बिघडली तर कुठे न्यायची ते घेण्याआधी विचारलेलं.

आता ‘उन्हात ठेवलं की फुकट चार्ज’. ताई, तुमच्याकडे लाईट कधी जाते? जून ते सप्टेंबर. आणि ऊन कधी नसतं? जून ते सप्टेंबर. सगळी मेख इथे आहे, आणि जाहिरातीत ती नसते, कारण जाहिरातीतलं पॅनेल कायम निळ्या आभाळाखाली हिरवळीवर पसरलेलं असतं.

माझ्याकडे असा एक डबा आहे, २०० वॅटच्या घडीच्या पॅनेलसकट. पहिल्याच जुलैत सकाळी नऊला लाईट गेली. मी उत्साहाने पॅनेल अंगणात मांडलं, छत्री घेऊन शेजारी उभा राहिलो आणि डब्याच्या पडद्यावरचा आकडा बघत बसलो. भर दुपारी बारा वाजता २३ वॅट. २०० वॅटच्या पॅनेलमधून तेवीस! दिवसभरात जेमतेम दीडशे वॅट-तास जमले असतील. मध्येच वारा सुटला आणि ते घडीचं कापडी पॅनेल पतंगासारखं उठून थेट शेजारच्यांच्या गडग्यावर. तेव्हापासून पावसाळ्यात मी ते बाहेर काढत नाही.

ऑक्टोबरात तेच पॅनेल दीडशेच्या आसपास देतं, दिवसभरात सातशे-आठशे वॅट-तास सहज मिळतात. पण तेव्हाही एक गंमत बघितली. माडाच्या एका झावळीची सावली पॅनेलच्या कोपऱ्यावर आली आणि आकडा दीडशेवरून एकदम पन्नासवर. पॅनेलमधल्या चकत्या एकापुढे एक माळेसारख्या जोडलेल्या असतात, एक अडली की मागच्या सगळ्या अडतात. तुमच्या अंगणात माड-पोफळी असणारच. त्यामुळे पॅनेल कुठे ठेवायचं याचा विचार ‘अंगणात’ एवढ्यावर संपत नाही.

मग तो डबा कुचकामी का? मुळीच नाही. त्याचा खरा गुण उन्हात नाही, भिंतीच्या प्लगमध्ये आहे. बरेचसे नवे डबे विजेवर तास-दीड तासात भरतात. तुमच्या इन्व्हर्टरच्या शिसे-आम्लाच्या बॅटरीला रिकामी झाल्यावर पूर्ण भरायला दहा-बारा तास लागतात. आता कोकणातला पाऊस आठवा. लाईट दोन दिवस गेली असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा मध्ये केव्हातरी तासभर येऊन जाते. वायरमन एखादी फांदी काढतो, लाईन चालू होते, तोवर पुढे दुसरं झाड पडतं. त्या तासाभरात इन्व्हर्टरची बॅटरी चार घोट पिते, डबा पोटभर जेवतो. एक सांभाळा, भरभर चार्ज करताना मोठा डबा हजार वॅटच्या वर ओढतो, तेव्हा तो १६ अँपिअरच्या पॉवर प्लगलाच लावायचा, पडवीतल्या जुन्या साध्या प्लगला नको. आणि गडगडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवायचा.

आता हिशोब. डब्यावर दोन आकडे असतात आणि दुकानदार नेहमी चुकीच्यावर बोट ठेवतो. वॅट म्हणजे एका वेळी किती ओझं उचलेल. वॅट-तास म्हणजे पोटात किती आहे. हजार वॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलावरचं एक युनिट. तेवढंच. हजारो रुपये मोजून आपण एक युनिट साठवायची सोय करतो, हे एकदा मनात पक्कं बसलं की त्यावर विहिरीचा पंप चालवायचं कुणी बोलणार नाही. अर्ध्या अश्वशक्तीचा पंप सुरू होताना त्याच्या नेहमीच्या ओढीच्या तीन ते सहा पट झटका घेतो, लहान डबा तिथेच मान टाकतो. वादळाची सूचना आली की टाकी, कळशा, बालद्या भरून ठेवणं हाच पाण्याचा बॅकअप. गीझर, इस्त्री, इंडक्शन यांची नावं सोडूनच द्या.

तुमच्या घरातली एक रात्र धरू, नऊ ते सात. गादीचा पंप फार तर १० वॅट, म्हणजे रात्रीचे १०० वॅट-तास. तुम्ही तिघं एकाच खोलीत झोपता असं धरलं तर एक पंखा. तो जुना, ७५ वॅटचा असेल तर रात्रीचे साडेसातशे. बीएलडीसी मोटरचा, म्हणजे कमी वीज खाणारा नव्या धर्तीचा असेल, ३० वॅटचा, तर तीनशे. नऊ वॅटचे दोन दिवे चार तास, ७२. वायफायचा राउटर सहा तास, ६०. दोन मोबाइल, ३०. नेब्युलायझर १५० वॅटचा धरा, पंधरा-पंधरा मिनिटं दोनदा, ७५. बेरीज केलीत तर बीएलडीसी पंख्याने साधारण ६४०, जुन्या पंख्याने १०९०. सगळी रात्र एका पंख्यावर फिरतेय बघा. नवा पंखा तीन हजारांच्या आसपास येतो. बॅटरी मोठी घेण्यापेक्षा पंखा बदलणं कितीतरी स्वस्त, आणि एरवीच्या बिलातही फरक दिसतो. डबा घ्या, बॅटरी घ्या किंवा काहीच घेऊ नका, पंखा मात्र याच महिन्यात बदला.

यजमानांची बाजू आता. इन्व्हर्टरला १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी घातलीत तर कागदावर १८०० वॅट-तास होतात. शिसे-आम्लाची बॅटरी तळापर्यंत उपसायची नसते, वर इन्व्हर्टरचं खाणं वेगळं, म्हणून हातात हजार-बाराशे धरा. वरची ६४० ची रात्र त्यात आरामात निघते. घरातल्या वायरिंगला इन्व्हर्टर आधीच जोडलेला आहे, लाईट गेल्यावर कुणाला उठावं लागत नाही, बिघडला तर दापोलीत दुरुस्त करणारा मिळतो, आणि तेवढीच वीज साठवायला डब्याच्या निम्म्याहून कमी पैसे लागतात. हे सगळं ‘जुनाट’ म्हणून टाकून देण्याजोगं नाही. फक्त त्यांना विचारा की आधीच्या बॅटरीत शेवटचं डिस्टिल्ड वॉटर कधी घातलं होतं. (मला उत्तर माहीत आहे. माझ्या घरीही तेच उत्तर होतं.) आणि इन्व्हर्टर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या लाईटसारखीच वीज देणारा, आहे का ते बघून घ्या. चौकोनी वेव्हचा असेल तर पंखा गुणगुणतो, आणि नेब्युलायझर, फ्रीज यांच्या मोटरी तापतात.

तर घराला इन्व्हर्टर. बॅटरी बदला, विषय संपला. मुलाला हरल्यासारखं वाटू द्यायची गरज नाही, कारण त्याचा डबा मला तुमच्या घरात हवाच आहे. फक्त त्याने सांगितलेल्या कामासाठी नव्हे आणि तेवढा मोठाही नव्हे.

तो हवा सासूबाईंच्या उशाशी. गादीचा पंप आणि नेब्युलायझर, दोनच वस्तू त्यावर. बाकीचं घर दुसऱ्या रात्री अंधारात राहिलं तरी चालेल, या दोन वस्तू थांबता कामा नयेत. शिवाय वादळात घर सोडून गावातल्या पक्क्या इमारतीत जायची वेळ आली, तर इन्व्हर्टर उचलून नेता येत नाही, सहा-सात किलोचा डबा येतो. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं तेव्हा दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत वीज आठवडेच्या आठवडे नव्हती, ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून बघितलंय.

पाचशे वॅट-तासांचा पुरे. लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी रसायनाचाच घ्या; तो थंड डोक्याचा, सहसा तापत नाही, आणि हजारो वेळा भरला-रिकामा केला तरी टिकतो. पाचशेतले साधारण चारशे तीस हाती येतात. पण एक छुपा खाणारा लक्षात ठेवा. २३० व्होल्टचं बटण चालू ठेवलं की डबा स्वतःच दहाएक वॅट खात बसतो, म्हणजे तुमच्या गादीच्या पंपाइतकंच! दोन्ही मिळून वीस वॅट, वर दोनदा नेब्युलायझर, म्हणजे एकूण सतरा-साडेसतरा तास निघतील. इन्व्हर्टर आधी वापरायचा, तो दमला की डब्याकडे यायचं, असं केलंत तर दोन रात्री सुटतात. मोबाइल चार्ज करायचा तर डब्याच्या यूएसबीच्या भोकातून करा, त्याला ते २३० चं बटण लागत नाही.

आता ते कुणीच न बोललेलं पाव. या डब्यांमध्ये वीज वाचवायची एक सोय असते, बहुतेक ठिकाणी तिला इको मोड म्हणतात. बाहेर फारसं काही जोडलेलं नाही असं डब्याला वाटलं की काही वेळाने तो आपण होऊन पुरवठा बंद करतो. चांगलीच सोय आहे. पण तुमचा पंप ओढतो दहा वॅट किंवा त्याहून कमी. डब्याच्या लेखी ते ‘काहीच नाही’. रात्री दहाला सगळं लावून तुम्ही झोपाल, बाराच्या सुमारास डबा समजेल की कुणी वापरत नाहीये, आणि निमूट बंद होईल. दिवा नाही, आवाज नाही. सकाळी गादी मऊ पडलेली. डबा आणल्या दिवशी पहिलं काम, इको मोड बंद करणे. घेण्याआधी दुकानात विचारा की तो बंद करता येतो का आणि बंद केलेला तसाच राहतो का. दुकानदार गोंधळला तर समोर एक मोबाइलचा लहान चार्जर लावून डबा तीन-चार तास चालू ठेवायला सांगा. चहा घेऊन या, बाजार करा, परत येऊन बघा.

तेवढ्यातच दुसरं विचारा. डबा पूर्ण रिकामा होऊन बंद पडला आणि मग घरची लाईट आली, तर तो आपसूक सुरू होतो की बटण दाबावं लागतं? काहींना दाबावं लागतं. पहाटे चारला लाईट येते, घरात दिवे लागतात, आणि गादी मात्र डब्यामागे अडकून बंदच. तसं असेल तर लाईट आल्यावर डब्याकडे एक नजर टाकायची, हे दोघांनीही अंगवळणी पाडून घ्या.

पंप थांबला तर गादी लगेच जमिनीला टेकत नाही, पण कप्प्यांमधली हवेची अदलाबदल थांबते आणि मग हळूहळू हवाही उतरते. तोवर दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची. हे तुम्ही करतच असाल, तरी लिहितो, कारण कुठल्याही यंत्रापेक्षा ते जास्त भरवशाचं आहे. नेब्युलायझरसाठीही डॉक्टरांना विचारून ठेवा की अडीअडचणीला स्पेसर, म्हणजे तोंडाशी धरायची नळी, लावून इनहेलर चालेल का. सासूबाईंना जमणार असेल तर ते कपाटात असू द्या.

फ्रीजचं ओझं इन्सुलिनपुरतं उगाच घेऊ नका. न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंशांत हव्यात, पण जी कुपी रोज वापरात आहे ती बहुतेक प्रकारांत ३० अंशांपर्यंतच्या घरातल्या तापमानाला महिनाभर चालते. तुमच्या कुपीसोबतच्या कागदावर नेमकं लिहिलेलं असतं, केमिस्टकडून वाचून घ्या. फ्रीजचं दार उघडलं नाही तर चारेक तास आत गारवा राहतो. त्यापुढे ओल्या फडक्यात गुंडाळलेलं मातीचं मडकं आणि आत कोरड्या डबीत कुप्या. फ्रीजरमध्ये किंवा बर्फाला चिकटून मात्र कधी ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. तरीही फ्रीज चालवायचाच तर त्याच्यावरचं ताऱ्यांचं लेबल बघा. वर्षाला १८० युनिट लिहिलं असेल तर दिवसाला जवळपास अर्धं युनिट, म्हणजे उशाचा डबा एकटा फ्रीजच गट्टम करेल.

पॅनेल घ्यायचंच, पण घडीचं नको. काचेचं, चौकटीचं, १५०-२०० वॅटचं एक, पडवीच्या छपरावर दक्षिणेकडे उतार देऊन नीट बोल्ट मारून बसवलेलं. पावसाळ्यात ते दिवसाकाठी शंभर-दोनशे वॅट-तास देईल, म्हणजे गादीला आणखी पाच-दहा तास. थोडं आहे, पण वादळानंतर तिसऱ्या दिवशी ते फार वाटतं. पॅनेलचे व्होल्ट डब्याला झेपतात का ते बसवणाऱ्याकडून लिहून घ्या. घरांच्या छपरावर असतात ती मोठी पॅनेलं पन्नास व्होल्टच्या जवळ जातात, लहान डबा तेवढ्याने जळू शकतो. आणि पॅनेल उन्हात असलं तरी डबा सावलीत, पडवीच्या आत, भिंतीपासून वीतभर पुढे. खाऱ्या हवेत त्याच्या भोकांना गंज चढतो, झाकणं लावून ठेवा. घरी चारचाकी असेल तर गाडीतल्या लायटरच्या भोकातूनही डबा भरतो, तासाला शंभर वॅट-तासांच्या आतबाहेर. गाडी मात्र उघड्यावर उभी हवी, बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणं जिवावर बेतणारं.

एखादा हुशार माणूस तुम्हाला सुचवेल की दोन्हीकडे पिन असलेली वायर करू आणि डबा सरळ भिंतीतल्या सॉकेटला लावू, म्हणजे सगळं घर चालेल. त्याला दारातूनच परत पाठवा. मेन स्विच चालू राहिला तर तुमच्या घरातली वीज उलटी तारांवर जाते, आणि त्याच वेळी कुणीतरी वायरमन भर पावसात खांबावर चढलेला असतो. शिवाय लाईट आली की दोन विजा एकमेकींवर आदळतात, डब्याची राख. डब्याला वस्तू थेट लावायची, दुसरा मार्ग नाही.

मुलगा पुढे असंही म्हणेल की मग छपरावरच सोलर बसवू, सरकार पैसे देतं. देतं, पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये. बिलासाठी उत्तम. पण ते सोलर लाइनशी जोडलेलं असतं आणि लाईन गेली की तेही बंद होतं, वर सांगितलेल्या वायरमनच्याच काळजीपोटी. लखलखीत ऊन, छपरावर पॅनेलं आणि घरात अंधार, असं दृश्य बघून लोक मला वैतागून पत्रं लिहितात. त्याला बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, तो खर्च निराळा. तुमच्या सासूबाईंच्या प्रश्नाला ते उत्तर नाही.

मुलगा मेमध्ये येईल तेव्हा एक करा. डबा आलेला असेल, बॅटरी बदललेली असेल. एखाद्या रात्री नऊला मेन स्विच खाली ओढा आणि सकाळपर्यंत वर करू नका. यजमानांनी इन्व्हर्टर सांभाळायचा, मुलाने डबा. कुठली वस्तू किती वाजता बंद पडली ते कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा. तुम्ही दोघांत पडू नका, सासूबाईंच्या खोलीत झोपा. आणि डब्याच्या २३० च्या बटणावर लाल टिकली चिकटवा, अंधारात विजेरीच्या उजेडात तीच आधी दिसते.